मोहिनीच्या नावापुढचं शून्य

ओल्या तुरीच्या शेंगा सोलत आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसलो होतो. परात निम्मी भरली होती. तेवढ्यात सत्यशीलाचा फोन टिंगटिंग वाजला. तिनं पदराला हात पुसून तो उचलला, वाचला, आणि अर्धी उघडलेली शेंग तशीच परातीत टाकून उठली. जिना चढताना तिची एक चप्पल पायरीवर निघाली ती तिथंच राहिली.

मी खालून विचारलं, "काय ग, कुणाचा निरोप?"

"कंपनीचा हाय, आत्या. तुमी सोला. आलेच मी."

ती आली नाही. मी थोडा वेळ वाट बघितली, मग चप्पल उचलून वर गेले. ती पडद्यासमोर बसली होती आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. लहान मूल थंडीत धरतं तसे.

सत्यशीला माझी सून. माहेर चकलांब्याचं, शेतकऱ्याचं घर. अंबाजोगाईला इंजिनिअर झाली, काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आणि आमच्या उत्तरेश्वरशी लग्न झाल्यावर तीच नोकरी घेऊन केजला आली. म्हणजे नोकरी पुण्याची आणि बसायचं आमच्या माडीवर. उत्तरेश्वर एसटी डेपोत असतो, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. त्यामुळं दिवसभर घरात आम्ही दोघीच. खाली मी आणि माझे देव, वर ती आणि तिचं यंत्र.

तिचं काम काय, हे समजायला मला वेळ लागला. शेजारच्या छबुबाईला तर अजून समजलेलं नाही. ती म्हणते, "वनमाला, तुजी सून पगार कशाचा घेती? बघावं तवा रंगीत चिठ्ठ्या सरकवती."

चिठ्ठ्याच आहेत त्या. तिची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यातली बरीच पोरं-पोरी आपल्याच जिल्ह्यात, आपापल्या घरी बसून काम करतात. एकेका कामाची पडद्यावर एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव. 'करायचं', 'चालू', 'तपासणी' आणि 'झालं', असे रकाने. चिठ्ठी एका रकान्यातून दुसऱ्यात सरकत जाते. कुठली चिठ्ठी कुठं अडून बसली, का बसली, हे बघायचं आणि वाट मोकळी करायची, हे सत्यशीलाचं काम.

मला तिनं गिरणीवरून समजावलं होतं. "आत्या, दळण दळायला किती वेळ लागतो? थोडाच. पण डबा रांगेत उभा राहतो त्याला लागतो. मी दळणाकडं बघत न्हाई. रांगेकडं बघते."

तिनं मागच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बघितल्या होत्या. काम करायला फार वेळ लागत नव्हता, पण झालेलं काम 'तपासणी'त पडून राहायचं. दुसऱ्याचं काम तपासणं हे कुणालाच आपलं काम वाटत नव्हतं. मग तिनं एक रीत घालून दिली. सकाळी बसलं की आधी दुसऱ्याची एक चिठ्ठी तपासायची, मग आपल्या कामाला हात लावायचा. तेव्हापासून पोरं वेळेवर कामावरून उठायला लागली आणि दूध केंद्रांच्या तक्रारी उतरल्या. मला ही रीत लई आवडली होती. घरात सुद्धा आधी देवाला, मग दाराशी आलेल्याला, मग आपल्याला.

पण त्या दिवशी पडद्यावर चिठ्ठ्या नव्हत्या. उभ्या रेघा होत्या, काही लांब, काही आखूड, आणि प्रत्येक रेघेखाली एक नाव.

"हे काय?" मी विचारलं.

"साहेबांनी मागितलं होतं. कुणी किती चिठ्ठ्या संपवल्या, माणसागणिक. मी काढून दिलं. दर महिन्याला इतकी चित्रं देते, हे बी दिलं." तिनं एका नावावर बोट ठेवलं. तिथं रेघच नव्हती. "मोहिनीच्या नावापुढं शून्य हाय, आत्या."

साहेबांचा निरोप तिनं मला वाचून दाखवला. गहिनीनाथ सर त्यांचं नाव. पुण्यात राहतात, पण आपल्याच भागातले, बागायतदार घरातले. लिहिलं होतं की दोन महिन्यांत मोहिनीच्या नावावर एकही काम पूर्ण नाही, तिला दिलेला लॅपटॉप उघडलेला सुद्धा दिसत नाही. शुक्रवारच्या बैठकीत सत्यशीलानं कारण सांगावं. कारण नसेल तर मोहिनीला कमी करावं लागेल.

मोहिनी आणि तिचा नवरा अभिमन्यू, दोघंही याच कंपनीत. राहतात मांजरसुंब्याला. दोघांची आई-बापं ऊसतोडीला जाणारी. ही दोघं शिकली, त्यातून बाहेर पडली. मोहिनी एकदा आमच्याकडं येऊन गेली होती, बारीक, गव्हाळ, बोलता बोलता हसणारी. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा तिनं आईला ऊस तोडायला जाऊ दिलं नव्हतं, हे तिनं मला चुलीपाशी बसून सांगितलं होतं. नोकरी गेली तर आई पुढच्या हंगामात परत उसाच्या फडात उभी राहणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि अभिमन्यूची रेघ सगळ्यात लांब होती.

माझ्या मनात वंगाळ आलं. मी बोलूनही गेले, "एकानं राबायचं अन् पगार दोघांनी घ्यायचा, असं तर नसंल?"

"असं बोलू नका, आत्या." ती इतक्या हळू बोलली की मला कळलं, तिच्याही मनात तेच आलं होतं.

तिनं मोहिनीला फोन लावला. उचलला अभिमन्यूनं. "ती कामात हाय, ताई," म्हणाला आणि ठेवून दिला. कशाच्या कामात, हे विचारायचं धाडस सत्यशीलाला झालं नाही.

परातीतले दाणे मीच सोलले, मीच आमटी केली. मी रोज पूजा झाली की वहीत चार ओळी लिहिते. त्या दिवशी एकच लिहिली. सत्यशीला जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी घर आणखी गप्प झालं. त्यांचा फोनवरचा एक गट आहे, त्यात सकाळपासून थट्टा चालू असायची. कुणाची म्हैस मिटिंगमध्ये ओरडली, कुणाचं नेट बैलगाडीनं आलं. त्या दिवशी एकही शब्द नाही. नावांचं चित्र निघालं आहे ही गोष्ट कशी कोण जाणे, सगळ्यांपर्यंत गेली होती. दुपारी मी चहा घेऊन वर गेले तर सत्यशीला पडद्याकडं अशी बघत होती जसं घरात काही जनावर शिरलंय.

"चिठ्ठ्या वाढल्यात, आत्या."

"मग चांगलंच की."

"चांगलं न्हाई. एका कामाच्या चार चार चिठ्ठ्या केल्यात लोकांनी. बटणाचा रंग बदलला, एक चिठ्ठी. नाव बदलायचं, दुसरी चिठ्ठी. प्रत्येकाला आपली रेघ लांब पाहिजे." मग तिनं 'तपासणी'चा रकाना दाखवला. तो खालपर्यंत भरला होता. "अन् दुसऱ्याचं कुणी तपासेना. त्याला रेघ मिळत न्हाई ना."

छबुबाई विरजण मागायला आली होती. जिन्याखालून तिनं ऐकलं असावं. मला म्हणाली, "सुनेला म्हणावं, हिशेब ठेवणाऱ्यापसून माणसं लांबच बसतात. आमच्या ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम जेवायला बसला की पंगतच उठायची."

मी तिला विरजण दिलं आणि दार लावून घेतलं. पण सत्यशीलानं ते ऐकलं होतं. "खरंच बोलल्या त्या," एवढंच म्हणाली.

गुरुवार उजाडला. मार्गशीर्षातला गुरुवार, माझा उपास. पहाटेच महालक्ष्मीचा घट मांडला, पाच फळं ठेवली, आणि हात जोडले तर मागायचं काय तेच सुचेना. मोहिनीसाठी मागावं तर ती खोटी निघाली तर? सुनेसाठी मागावं तर तिच्या चित्रानंच एका बाईचं ताट ओढलं जाणार होतं. मी नुसती बसले.

सत्यशीला खाली आली ती बाहेर जायच्या कपड्यांत. "मी मांजरसुंब्याला जाऊन येते. फोनवर हे बोलता येत न्हाई."

"एकटी नको. मी येते."

"तुमचा उपास हाय."

"उपासाला जीप चालत न्हाई का?"

ती हसली नाही, पण माझ्या हातातली पिशवी तिनं घेतली.

जीपमध्ये कोंबून बसलो. वाटेत तिनं मला एकदाच विचारलं, "आत्या, ती खरंच काही करत नसंल तर मी काय करू?" मी म्हणाले, तिथं गेल्यावर बघू.

फाट्यावरच्या एका ढाब्याच्या मागं एक खोली. नेट तिथं चांगलं मिळतं म्हणून दोघं दिवसभर तिथं बसतात. पुढं तवा, मागं संगणक. आम्ही दारात उभ्या राहिलो तेव्हा अभिमन्यू ताडकन उठला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, हा पळूनच जाईल.

"या ताई. काकू, या ना. बसा." खोलीत एकच टेबल, त्याला लागून दोन खुर्च्या, टेबलावर एकच लॅपटॉप. दुसऱ्या खुर्चीतून मोहिनी उठली.

सत्यशीलानं बसायच्या आधीच विचारलं, "मोहिनी, तुझा लॅपटॉप कुठंय?"

मोहिनीनं नवऱ्याकडं बघितलं. मग देवाच्या फळीखालून एक पिवळ्या फडक्याचं गाठोडं काढलं. सोडलं. लॅपटॉपच्या झाकणावर हळद-कुंकू सुकून बसलं होतं, एक झेंडूची पाकळी चिकटलेली.

"खंडेनवमीला पूजा केलती. तवापासून बांधूनच हाय."

सत्यशीलानं बटण दाबलं. परत दाबलं. वायर लावून दाबलं. काही उजेड पडला नाही.

"मग तू काम करतीस कशावर?"

"ह्येच्यावर." मोहिनीनं टेबलाकडं हात केला. "हे लिहितात, मी बाजूला बसून वाचते. चुकलं की हात धरते. दुपारनंतर मी लिहिते, हे वाचतात. काहून, ताई?"

"चिठ्ठीवर नाव कुणाचं टाकता?"

"ह्यांचं."

"दोघं करता अन् नाव एकाचंच?"

मोहिनीला प्रश्नच कळला नाही असं तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं जरा विचार केला. "कोयता एकच ना, ताई. कोयत्याला नाव गड्याचंच असतंय."

ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, आणि कोयत्यापुढं नवऱ्याचं नाव असतं. आपल्याकडं हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण पुण्याच्या कंपनीच्या पडद्यावर कुणी कोयता मांडून बसलं असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

"माजी माय जन्मभर मोळ्या वाहायची," मोहिनी म्हणाली. "तिचं नाव कुणी विचारलं न्हाई. मला वाटलं, इथं बी तसंच असंल."

सत्यशीला खुर्चीत बसली. मोहिनी खोटी नव्हती. पण त्यानं भीती गेली नाही, उलट दुसऱ्या बाजूनं आत आली. कारण साहेबांचा निरोप ऐकल्यावर अभिमन्यू एकदम बोलला, "ताई, आता दोन नावं टाकली तर माजी रेघ निम्मी होईल. मग मलाच कमी करतील. दोघंबी घरी."

"म्हंजे माजं नाव कटू द्यायचं का?" मोहिनी म्हणाली.

"तसं म्हणलो का मी?"

"म्हणला न्हाईत. हिशेब मांडून दाखवला."

"मी घाबरलोय ग, दुसरं काय न्हाई."

"अन् मी काय नाचायले?"

पुढून ढाब्याचा आचारी ओरडला, "अभिमन्यू, तुजी मिटिंग हळू घे बे. गिऱ्हाईकाला वाटायलंय, मागं मारामारी लागली." मोहिनीनं लॅपटॉप परत फडक्यात गुंडाळायला घेतला. गाठ बसत नव्हती. शेवटी मी बांधून दिली.

परतताना जीपमध्ये सत्यशीला माझ्या कानाशी म्हणाली, "खरं सांगितलं तर अभिमन्यूवर येईल. न्हाई सांगितलं तर मोहिनी जाईल. अन् चित्र मीच काढलंय."

संध्याकाळी मी घटाची आरती केली, कहाणी वाचली. ती वरून खाली आली, कुंकू लावलं, प्रसादाचा एक घास खाल्ला. म्हणाली, "आत्या, परत आलेल्या कामांचा रकाना मी बघितलाच नव्हता." दूध केंद्रावर गेलेलं काम बिघडलं की चिठ्ठी लाल होऊन माघारी येते. अभिमन्यूच्या नावावरच्या चिठ्ठ्या जवळजवळ येतच नव्हत्या. बाकीच्यांच्या येत होत्या. एक लिहितो, दुसरी तिथंच चूक धरते, मग माघारी येणार कशी? हे सांगताना तिच्या आवाजात जरा धीर होता. पण ताटावर बसल्यावर तिनं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. "साहेबांनी ऐकून घेतलं तर," म्हणाली.

शुक्रवारी बैठक. मी जपमाळ घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होते. माळ हातात होती, नाम कुठं चाललं होतं देव जाणे.

"सत्यशीला, कारण सापडलं?" हा साहेबांचा आवाज. माणूस वाईट वाटत नव्हता, घाईत वाटत होता.

"सापडलं, सर. आधी हे बघा." ती म्हणाली. "मंगळवारपासून चिठ्ठ्या दुप्पट झाल्यात. काम तेवढंच आहे. तपासणीचा रकाना परत तुंबलाय. नावानं मोजतात हे कळल्यापासून कुणी दुसऱ्याच्या कामाला हात लावत नाही. सगळे घाबरलेत, सर. मीसुद्धा."

पलीकडं सगळी पोरं-पोरी ऐकत होती.

"आणि मोहिनी?" साहेबांनी विचारलं.

सत्यशीला बोलायच्या आत एका ट्रकचा हॉर्न वाजला, आणि त्यातूनच मोहिनीचा आवाज आला. "सर, आमचा दोघांचा एकच कोयता हाय. नाव ह्यांचं पडलं. काम मी बी केलंय."

सत्यशीलानं मग माघारी आलेल्या चिठ्ठ्या दाखवल्या, एकेक करून. "रेघ निम्मी झाली तरी हे दोघं एकत्र बसतात म्हणून काम परत येत नाही, सर. ह्यांना वेगळं केलं तर सगळ्यांचं काम वाढेल."

साहेब म्हणाले, "आमच्या रानात दर साली टोळी यायची. वडील मला कोयते मोजायला पाठवायचे." कुणीतरी खोकलं. मी माळ घट्ट धरली.

"माणसागणिक चित्र मी आता मागणार नाही," ते म्हणाले. "चिठ्ठीवर दोन नावं टाका. पण एक अडचण आहे. ते चित्र मी वर पाठवून दिलंय, कंपनीत ज्यांचा पैसा आहे त्यांच्याकडं. परत घेता येत नाही. ते सोमवारी बघणार. मी बोलतो त्यांच्याशी, पण ते मला विचारतील, बाई खरोखर कामावर आहे का. सोमवारी मोहिनी तिच्या यंत्रावरून, तिच्या नावानं कामाला लागलेली दिसली पाहिजे. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "लॅपटॉप चालू आहे ना तिचा?"

माझ्या डोळ्यांपुढं पिवळं फडकं आलं, आणि दाबलेलं बटण.

"चालू करतो, सर," अभिमन्यू म्हणाला.

बैठक संपल्यावर सत्यशीला बाहेर आली आणि माझ्या शेजारीच पायरीवर बसली. "मोहिनी वाचली का?" मी विचारलं.

"सोमवारपर्यंत."

"अन् अभिमन्यू?"

"त्याचं बी सोमवारीच." तिनं डोळे मिटून डोकं कठड्याला टेकवलं. "यंत्र उघडलंच न्हाई तर, आत्या? उद्या दुकानं असतात. परवा रविवार."

मी खाली जाऊन घटापुढचा अंगारा कागदात बांधला आणि तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला. डबा देऊ केला तर नको म्हणाली, मग दारातून परत येऊन घेतला. म्हणाली, मोहिनी सकाळपासून उपाशी असंल.

सत्यशीला आता जीपनं मांजरसुंब्याला जाणार, तिथं मोहिनीला बरोबर घेणार, आणि दोघी मिळून तो लॅपटॉप बीडला दुरुस्तीच्या दुकानात टाकायला जाणार आहेत.